उतरलेल्या वस्त्रांचे पुण्य

आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी मिस्सा संपता संपता फादरांनी आवाहन केले, की नाताळच्या निमित्ताने डोंगरपट्टीतील आदिवासी पाड्यांवर वाटण्यासाठी वापरण्याजोगे जुने कपडे सभागृहात आणून द्यावेत. ‘वापरण्याजोगे’ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. शनिवार उजाडेपर्यंत सभागृहाची एक अख्खी भिंत गोण्यांनी, पिशव्यांनी आणि गाठोड्यांनी झाकून गेली. ‘आपला समाज किती उदार आहे!’ असे कोणीतरी कौतुकाने म्हणालेही. संध्याकाळी आम्ही सात-आठ जणी कपडे निवडायला बसलो आणि पहिली गोणी जमिनीवर उपडी केली. त्यानंतर रात्री दहापर्यंत उदारतेचे नाव कोणी काढले नाही.

काय नव्हते त्या गोण्यांत? चेन तुटलेल्या पँटी होत्या, बटणे काढून घेतलेले शर्ट होते, जोडीदार हरवलेले मोजे होते. इलॅस्टिक सैल झालेले आतले कपडे होते, आणि ते धुतलेलेही नव्हते. एका पिशवीतून रंगाऱ्याच्या कामाला वापरलेली विजार निघाली. एका उशीच्या अभ्र्यात कोणा आजारी माणसाच्या अंथरुणावरची चादर गुंडाळलेली होती. तिच्यावरचे डाग तसेच होते. ओल्या कपड्यांची एक पिशवी घट्ट बांधून ठेवल्यामुळे आत बुरशी धरली होती आणि तिच्या संसर्गाने शेजारची चांगली लोकरीची शालही वाया गेली. त्या ढिगात धुऊन, इस्त्री करून, घडी घालून पाठवलेले कपडेही होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु ते थोडे होते, आणि बहुधा ज्यांच्या घरी फार कपडे नसावेत अशाच घरांतून आले असावेत, असे त्यांच्या शिवणीवरून वाटत होते.

हे सारे त्या ढिगापाशीच संपले असते, तर मी लेखणी हाती घेतली नसती. परंतु त्याच्या आदल्या वर्षी मी कपड्यांच्या गाडीबरोबर पाड्यावर गेले होते. त्या वर्षी निवड झाली नव्हती. गोण्या आल्या तशा चढवल्या होत्या. पाड्यावर पोहोचल्यावर एका झाडाखाली त्या मोकळ्या केल्या आणि बायामाणसांना पुढे बोलावले. एका वृद्ध बाईच्या हाती टिकल्यांनी मढवलेला, पाठ उघडी असलेला मेजवानीचा झगा आला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला, हसली, आणि हे घालून मी कुठे जायचे, असे तिने मला विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या तरुण मुलीने आम्ही दिलेला आतला कपडा दोन बोटांनी धरून गुपचूप गोणीत परत टाकला आणि ती घराकडे निघून गेली. ती पुन्हा आली नाही. काही महिन्यांनी तिथे पुन्हा जाणे झाले, तेव्हा आमचे काही कपडे मला भेटले. कुडाच्या भिंतीतील भगदाडात ते कोंबलेले होते. काही चुलीत पेटवायला वापरले होते. कृत्रिम धाग्याचे कापड जळते तेव्हा वितळलेल्या प्लास्टिकचा उग्र वास येतो. तो वास त्या झोपडीत भरला होता आणि चुलीपाशी एक तान्हे मूल निजले होते.

म्हणून मी म्हणते, आणि पूर्ण विचारांती म्हणते, की आपल्या धर्मग्रामांतून वर्षानुवर्षे चाललेले हे जुन्या कपड्यांचे दान बहुतांशी दान नव्हेच. तो कचऱ्याचा स्थलांतर-सोहळा आहे. आपल्या कपाटातील अडगळ आपण दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकतो आणि वाटेत तिला पुण्य हे नाव देतो. नगरपालिकेच्या गाडीत जे टाकायला आपल्याला संकोच वाटला असता, ते प्रभूच्या नावाने गरिबाला देताना आपल्याला संकोच वाटत नाही. उलट हलके वाटते. कपाट रिकामे होते आणि मनही.

यावर जे म्हटले जाते ते मी अनेकदा ऐकले आहे. पहिला युक्तिवाद असा, की ज्याच्या अंगावर काहीच नाही त्याला काहीही चालते. हा युक्तिवाद करणारी व्यक्ती पाड्यावर कधी गेलेली नसते. आज पाड्यावर कोणी उघडे नाही. आठवडी बाजारात नवा सदरा थोडक्या पैशांत मिळतो आणि आदिवासी तरुण तो आपल्या आवडीने, रंग पाहून विकत घेतो. तिथे उणीव आहे ती थंडीतील पांघरुणाची, मुलांच्या स्वेटरची, शाळेच्या गणवेशाची, बाळंतिणीला लागणाऱ्या मऊ सुती कापडाची. नेमक्या याच वस्तू आपल्या गोण्यांत सापडत नाहीत, कारण त्या आपल्याला अजून हव्या असतात. आपण देतो ते त्यांच्या गरजेवरून ठरत नाही, आपल्या कंटाळ्यावरून ठरते.

दुसरा युक्तिवाद हेतूचा. ‘देणाऱ्याचा हेतू पाहावा, वस्तू पाहू नये.’ हे ऐकले की मला जुन्या करारातील मलाखी संदेष्ट्याची आठवण होते. त्याच्या काळी लोक वेदीवर आंधळी, लंगडी, आजारी जनावरे अर्पण करू लागले होते. निरोगी पशू स्वतःच्या गोठ्यात राखायचा आणि मरू घातलेला परमेश्वराला द्यायचा, असा तो हिशेब होता. संदेष्ट्याने त्यांना हेतू विचारला नाही. हीच भेट तुमच्या सुभेदाराकडे नेऊन पाहा, तो ती स्वीकारील काय, असा त्याने त्यांना रोकडा सवाल केला. आपणही तोच प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या गोणीतील शर्ट आपण आपल्या धाकट्या भावाला देऊ काय? मुलीच्या सासरी पाठवू काय? देणार नसू, तर भुकेल्या-उघड्याच्या रूपाने मीच तुमच्या दारी येतो, असे ज्याने सांगितले त्या प्रभूला तो कोणत्या तोंडाने देतो?

आणखी एक विसंगती मला छळते. वेदीवरची वस्त्रे, याजकाचा झगा जीर्ण झाला की आपण तो कचऱ्यात टाकत नाही. पवित्र वस्तू म्हणून तो जाळण्याची वा पुरण्याची आपली परंपरा आहे, आणि ती योग्यच आहे. मात्र ज्या मानवी देहाला आपण पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो, त्यावर चढवायला डागाळलेली चादर चालते. कापडाचा मान आपल्याला कळतो. माणसाचा कधी कळणार?

तिसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. ‘मग या कपड्यांचे करायचे काय? फेकले तर कचरा वाढतो, दिले तर तुम्ही नावे ठेवता.’ हा प्रश्न खरा आहे. आपल्या देशात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन कापडकचरा निर्माण होतो, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आढळले आणि त्यातला निम्मा कारखान्यांतून नव्हे, तर तुमच्या-आमच्या घरांतून निघतो. उत्तर शोधण्यासाठी मात्र फार दूर जायला नको. आपल्या आज्यांकडे जावे.

माझ्या आजीचे लाल लुगडे मला आठवते. वसईतील आपल्या समाजाची ती ओळखच होती. लुगडे विरले की ते मध्ये फाडून, कडा आत घेऊन पुन्हा शिवले जाई आणि आणखी काही काळ नेसले जाई. मग त्याची बाळाची दुपटी होत. उरलेल्या पट्ट्या एकावर एक रचून, बारीक धावदोरा घालून गोधडी शिवली जाई. गोधडी फाटली की तिचे पायपुसणे होई, पायपुसण्याचे पोतेरे, आणि पोतेऱ्याचा शेवटचा बोळा चुलीत जाई. सुती असल्यामुळे त्याची निव्वळ राख होई आणि ती राख भांडी घासायला लागे. यात कोणी ‘पुनर्वापर’ असा शब्द उच्चारला नाही. वस्त्राला आयुष्य असते आणि ते पुरते जगू द्यावे, एवढे त्या घरात सर्वांना ठाऊक होते. ठिगळ ही लाजेची गोष्ट नव्हती. प्रभू येशूनेही जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, हा दृष्टान्त दिला तो ठिगळे लावणाऱ्या घरात वाढल्यामुळेच. कोरे कापड आटते आणि जुने फाडते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच ते सुचते.

आणि जे घरात खपत नसे, त्यासाठी बोहारीण होती.

डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दुपारी दारात येई. गुजरातेतून आलेल्या, स्वतःला देवीपूजक म्हणवणाऱ्या समाजाच्या या बायांनी पिढ्यान् पिढ्या मुंबई परिसरातील घरांतून जुने कपडे गोळा केले आणि त्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी दिली. आई तिच्याशी तासभर घासाघीस करी. आम्हा मुलांना ती मोठी लोभी वाटे. प्रत्येक कपडा ती उजेडाकडे धरून पाही, काखेतली शिवण ताणी, कापड चिमटीत घेऊन चुरगळी, भोकातून बोट बाहेर काढून दाखवी आणि म्हणे, ‘बाई, याचं काय करू? हे नाय चालणार.’ आज मला कळते, की ती लोभी नव्हती. ती जाणकार होती. निवडीची सारी विद्या त्या चिमटीत होती. कोणता कपडा धुऊन, इस्त्री करून पुन्हा नेसता येईल, कोणत्याचे फक्त काठ विकता येतील, कोणते सुती कापड गॅरेजात हात पुसायला जाईल, आणि कशाला कोणी विचारणार नाही, हे तिला एका नजरेत कळे. दिल्लीत रघुबीर नगर येथे याच समाजाचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाटेच्या अंधारात भरतो. तिथून ते कपडे दुरुस्त होऊन, धुतले जाऊन हजारो कष्टकऱ्यांच्या अंगावर जातात. तो कष्टकरी ते विकत घेतो, पारखून घेतो, नापसंत असेल तर ठेवून पुढे जातो. त्या खरेदीत त्याची मान ताठ राहते.

आता आपल्या संकुलांच्या फाटकांवर ‘फेरीवाल्यांना मनाई’ अशा पाट्या लागल्या आणि बोहारीण बाहेर राहिली. तिच्या जागी आपण पेटी ठेवली. बोहारीण आणि पेटी यांतला फरक एका वाक्यात सांगता येईल. बोहारीण नाही म्हणत असे. पेटी कधीच नाही म्हणत नाही. पेटीला डोळे नाहीत, चिमटी नाही. ती आपल्याला कधी ओशाळे करीत नाही. म्हणूनच ती आपल्याला आवडते, आणि म्हणूनच ती आपल्याला बिघडवते.

नाही म्हणणाऱ्या माणसाचे मोल किती असते, ते पानिपतात कळते. पानिपत म्हटले की मराठी माणसाला १७६१ आठवते. आजचे पानिपत मात्र जगाच्या उतरलेल्या लोकरी कपड्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरातील बॅटली येथे १८१३ साली बेंजामिन लॉ याने जुने लोकरी कपडे पिंजून त्यांचा पुन्हा धागा काढण्याची रीत बसवली. त्या कापडाला ‘शॉडी’ म्हणत. पुढे हाच शब्द इंग्रजीत निकृष्ट मालासाठी रूढ झाला. तो धंदा तिथे मावळला आणि पानिपतात फोफावला. परदेशातून आलेले स्वेटर आणि कोट तिथे आधी फाडून निकामी करतात, मग रंगांप्रमाणे त्यांचे ढीग लावतात. आपल्या विळीसारखे उभे पाते पायाशी धरून बायका बटणे, चेन, अस्तर आणि लेबले कापून वेगळी करतात. मग यंत्र त्या कापडाच्या चिंध्या पिंजते, त्यांचे सूत निघते आणि सुताची घोंगडी विणली जातात. रंग आधीच वेगळे केल्यामुळे पुन्हा रंगवावे फारसे लागत नाही. भूकंपात वा पुरात मदत म्हणून वाटली जाणारी कितीतरी स्वस्त घोंगडी अशीच जन्माला आली आहेत. मेघना गुप्ता यांच्या २०१२ सालच्या ‘अनरॅव्हल’ या लघुपटात पानिपतच्या या बाया दिसतात. जवळजवळ नवे कपडे परदेशातील लोक का टाकून देत असतील, याचा त्या आपसात विचार करतात. तिकडे पाणी फार महाग असावे, धुण्यापेक्षा फेकणे स्वस्त पडत असावे, असा त्यांचा तर्क आहे. त्या निरागस तर्कापुढे मला आपली सारी अर्थशास्त्रे खोटी वाटतात. एखाद्याने विनाकारण कपडा टाकावा, हे त्यांच्या मनातसुद्धा येत नाही.

परंतु पानिपतावर भिस्त ठेवून आपण निर्धास्त व्हावे, असेही नाही. आधीच पॉलिएस्टरच्या स्वस्त, मऊ ब्लँकेटांनी लोकरी घोंगड्यांचे गिऱ्हाईक पळवले. दुसरे असे, की पिंजण्याची ही विद्या एकजिनसी धाग्यावरच चालते. आज जगात तयार होणाऱ्या धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिकच. आणि आपल्या कपाटातील पुष्कळसे कपडे सूत, पॉलिएस्टर आणि ताणधागा यांची भेसळ असतात. ती वेगळी करणे कठीण आणि खर्चाचे. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१७ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मालापैकी एक टक्काही पुन्हा नव्या कपड्यांत येत नाही. दुकानाच्या दारातील ‘जुने द्या, आम्ही नवे घडवू’ ही पाटी वाचून ज्यांचे मन निवते, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मग उरलेले जाते कुठे? आपल्याहून श्रीमंत देशांनी याचे जे उत्तर काढले ते आपल्या गोण्यांसारखेच आहे. त्यांनी ते दूर पाठवले. घानाची राजधानी आक्रा येथील कांतामांतो बाजारात दर आठवड्याला सुमारे दीड कोटी वापरलेले कपडे येतात, असा तिथे काम करणाऱ्या एका संस्थेचा अंदाज आहे. न विकले गेलेले गटारांत, खाडीत आणि समुद्रकिनाऱ्यावर पोहोचतात. जानेवारी २०२५ च्या प्रारंभी या बाजाराला भीषण आग लागली आणि हजारो गरीब विक्रेत्यांची पुंजी जळाली. चिलीच्या आताकामा वाळवंटात टाकून दिलेल्या कपड्यांच्या टेकड्या उभ्या आहेत. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून कापडकचरा वेगळा गोळा करणे सदस्य-देशांना बंधनकारक केले. पण गोळा करणे म्हणजे निवडणे नव्हे, आणि निवडणे म्हणजे कमी वापरणे नव्हे. युरोप-अमेरिकेला नावे ठेवणे सोपे आहे. आपला पाडा हेच आपले आक्रा, एवढेच मला म्हणायचे आहे.

आपल्याच देशात याचा धडा मिळून गेला आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून कपड्यांचा पूर लोटला. कोळी कुटुंबांना नको असलेल्या, न शोभणाऱ्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. अंशु गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत स्थापन केलेल्या ‘गूंज’ संस्थेने ते ढीग उचलून निवडण्याचे काम अंगावर घेतले. या संस्थेची रीत आपण शिकण्याजोगी आहे. आलेला प्रत्येक कपडा तिथे तपासला जातो. नेसण्याजोगा नीट करून गरजेप्रमाणे पाठवला जातो. सुती चिंध्या धुऊन, निर्जंतुक करून मासिक पाळीसाठी पट्ट्या शिवल्या जातात. गावकरी विहीर खणतात, रस्ता बांधतात आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात कपडे स्वीकारतात. भीक म्हणून नव्हे. या कार्यासाठी गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो निवडीचा सन्मान होता, असे मी मानते.

आपल्या ख्रिस्तसभेला तर ही शिकवण मुळातच आहे. चौथ्या शतकात कैसरियाचे महागुरू संत बाझिल यांनी श्रीमंतांना बजावले होते, की तुमच्या पेटाऱ्यात कुलूपबंद असलेले वस्त्र उघड्या माणसाच्या मालकीचे आहे. पेटाऱ्यातले, ध्यानात घ्या, उकिरड्यावरचे नव्हे. निर्गमाच्या पुस्तकात गरिबाचा झगा गहाण घेतलास तर सूर्यास्तापूर्वी परत कर, अशी आज्ञा आहे, कारण रात्री पांघरायला त्याच्याकडे दुसरे काही नसते. आणि तुर्सचे संत मार्टिन! आमियाँच्या वेशीवर कडाक्याच्या थंडीत कुडकुडणारा भिकारी दिसला, तेव्हा त्या तरुण सैनिकाने तलवारीने आपल्या अंगावरचा झगा दोन भाग करून अर्धा त्याला दिला. त्याने तो घरी जाऊन अडगळीतून शोधून आणला नाही. स्वतःला थंडी वाजेल असे त्याने दिले. उरलेला अर्धा झगा पुढे फ्रँक राजांनी पवित्र अवशेष म्हणून जपला. त्या छोट्या झग्याला लॅटिनमध्ये ‘काप्पेल्ला’ म्हणत, आणि तो जिथे ठेवला जाई त्या प्रार्थनास्थळाला तेच नाव पडले. आपण ज्याला ‘कपेल’ म्हणतो तो शब्द तिथून आला. आपल्या आळीच्या तोंडाशी असलेल्या कपेलीत मेणबत्ती लावताना आपण नकळत एका अर्ध्या कापलेल्या झग्याची आठवण करतो. त्या झग्याशी आपल्या गोणीचे काही नाते उरले आहे काय?

केवळ टीका करून थांबणे मला मान्य नाही. आपल्या धर्मग्रामांनी चार गोष्टी कराव्यात. पहिली, पेटी बंद करावी आणि तिच्या जागी माणूस बसवावा. महिन्यातून एका रविवारी दोन तास सभागृहात मेज मांडावे. देणाऱ्याने स्वतः यावे आणि निवडणाऱ्यासमोर पिशवी उघडावी. जे चालणार नाही ते तिथल्या तिथे, हसतमुखाने परत द्यावे. दुसरी, निवड चार ढिगांत करावी: जसेच्या तसे घालता येईल ते, बटण, चेन वा टाका मागणारे, पट्ट्या, पिशव्या, गोधड्यांसाठी सुती, आणि पुसण्याच्या चिंध्या वा भंगारवाल्याकडे जायचे ते. आपल्या स्त्रीमंडळांत शिवणयंत्रे आहेत आणि हात जाणते आहेत. गोधडी शिवणारी शेवटची पिढी अजून आपल्यात आहे. तिच्याकडून टाका शिकून घ्यायला फार वर्षे उरलेली नाहीत. तिसरी, पाड्यावर गाडी नेण्याआधी पाड्याला विचारावे. काय हवे, किती हवे, कोणत्या मापाचे हवे, याची यादी त्यांनी द्यावी, आणि वाटपाऐवजी नाममात्र किमतीचे दुकान मांडावे, म्हणजे घेणाऱ्याला निवडीचा आणि नकाराचा हक्क राहील. त्या वृद्ध बाईला तो झगा न घेण्याचा हक्क होता. आम्ही तो तिला दिला नव्हता.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती नवे कपडे घेण्याविषयी आहे. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारताना आपल्या मुली जो पांढरा झगा घालतात, तो एकदाच अंगाला लागतो. धर्मग्रामाने असे झगे सांभाळून दरवर्षी नव्या मुलींना का देऊ नयेत? सर्व मुली एकाच झग्यांच्या संचातून आल्या, तर वेदीसमोर श्रीमंत-गरीब हा भेदही एका दिवसापुरता तरी पुसला जाईल. लग्नात नवरीच्या करवल्यांपासून मामे-चुलत बहिणींपर्यंत सर्वांना एकाच रंगाची वस्त्रे शिवण्याची जी टूम निघाली आहे, तिचा शेवट त्या गोण्यांत होतो. मी निवडलेल्या ढिगात एकाच गुलाबी कापडाचे पाच पेहराव निघाले. मापे वेगळी, शिवण तीच. एका दुपारसाठी शिवलेले ते कपडे होते. ते पाहून मला कोणाचा राग आला नाही, कारण माझ्या पुतणीच्या लग्नात तसाच एक मीही शिवला होता. तो अजून माझ्या कपाटात आहे. या लेखाचे पहिले बोट माझ्याकडेच आहे.

क्रुसाखाली बसलेल्या शिपायांनी प्रभूची वस्त्रे आपसात वाटून घेतली. परंतु त्याचा झगा बिनशिवणीचा, अखंड विणलेला होता, तो त्यांनी फाडला नाही. ज्यांना माणसाच्या जिवाची किंमत नव्हती, त्यांनाही कापडाची होती. आपल्याला दोन्हींची असावी, एवढीच अपेक्षा.

पुढच्या आगमनकाळी आपल्याही चर्चमध्ये आवाहन होईल. त्या वेळी गोणी भरण्यापूर्वी प्रत्येक कपडा उजेडाकडे धरून पाहावा. काखेतली शिवण ताणावी. तुटलेले बटण लावावे. त्याला फक्त पाच मिनिटे लागतात. आणि तरीही शंका राहिली, तर आईच्या दारात बसलेल्या त्या बोहारणीला मनात आठवून तिला विचारावे. ती खरे सांगेल.